रात्रीची फेरी

गेल्या महिन्यात मी तीनदा शरीराबाहेर पडायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा स्वयंपाकघरात पोचलो, पण पायांनी, आणि पाणी प्यायला.

सुरुवात रद्दीतून झाली. आमच्या रद्दीवाल्याकडे इंग्रजी पुस्तकांचा ढीग किलोवर विकायला असतो. मी वर्तमानपत्रं घालतो आणि पैशांऐवजी पुस्तकं घेऊन येतो, त्यामुळे घरातलं एकूण वजन तेवढंच राहतं, असं बायकोचं म्हणणं. ह्या खेपेला हाताला लागलं ते विल्यम बुलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांचं १९९६ सालचं पुस्तक. शरीर गादीवर ठेवून आपण बाहेर कसं पडावं, ह्याविषयी. निवृत्त झाल्यापासून मला पहाटे तीनला जाग येते. डॉक्टर म्हणतात वय झालं, बायको म्हणते दुपारी झोपता म्हणून. हे लेखक म्हणतात, चार-सहा तास झोप झाल्यावर अशी मध्येच जाग येणं हीच बाहेर पडायची उत्तम वेळ. झोपमोडीला कुणी पात्रता म्हटल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होतो. पुस्तक अर्धा किलोही भरलं नाही, पण मी घेतलं.

विषय तसा आपल्याला परका नाही. समर्थांनी दासबोधात स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे देह मोजून ठेवलेलेच आहेत. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत उतरले ते आधी राहिले गिरगावात, आणि १८८२ मध्ये मद्रासला अड्यारला जाईपर्यंत सूक्ष्म देहाचा इंग्रजी कारभार आपल्याच गल्लीबोळांतून चालला होता. आद्य शंकराचार्यांची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली असते. उभयभारतीच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला ते अमरू राजाच्या मृत शरीरात शिरले, तेव्हा त्यांचं स्वतःचं शरीर शिष्य राखत बसले होते. ह्या गोष्टीतला खरा कठीण भाग मला शिष्यांचा वाटतो. माझं शरीर रिकामं पडलंय असं घरात कळलं, तर त्याला दळण आणायला पाठवतील.

तर बुलमन यांचा व्यायाम. आपण झोपतो ती खोली सोडून घरातल्या तीन वस्तू निवडायच्या. दिवसा एकेकीपाशी जाऊन तिला हात लावायचा. पोत, कड, डाग, वजन सगळं मनात साठवायचं. मग अंथरुणावर पडून, डोळे मिटून, त्याच क्रमानं मनानं फेरी मारायची. फेरी इतकी ठसठशीत व्हायला हवी की शरीराला झोप लागावी आणि आपण तिकडेच राहावं.

मी वडिलांची आरामखुर्ची, देवघरातली समई आणि स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी निवडली. दुपारी तीन फेऱ्या मारल्या. चौथीला बायको दारात उभी.

"काय हरवलंय?"

"काही नाही."

"मग बरणीला काय चाचपताय? मुरतंय ते लोणचं. हात कोरडे आहेत ना?"

हात कोरडे होते. रात्री मनच कोरडं निघालं. डोळे मिटले आणि आरामखुर्ची आठवू लागलो, तर दिसलं ते उघडलेलं वर्तमानपत्र आणि त्याखाली माझेच गुडघे. ज्या खुर्चीत तीस वर्षं बसलो, ती मला बसल्या जागेवरूनच माहीत होती. दुपारचा अभ्यास तीस वर्षांच्या बैठकीपुढे टिकला नाही. समई आली, पण तिला वाती किती ते दर खेपेला बदलत होतं. बरणीपाशी तर पुरता अडलो. चिनी मातीची ती दोन रंगांची बरणी महाराष्ट्रात कुणाच्या घरी नाही? पण तपकिरी वर आणि पांढरा खाली, की उलटं? पाच मिनिटं तिला मनात उलटीसुलटी केली. शेवटी उठून बघून आलो. तपकिरी वर. तेवढ्यात पाणी प्यायलो. ही पहिली रात्र.

फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८० मध्ये लोकांना विचारलं होतं की, आज सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांपुढे आणा. किती स्पष्ट दिसतंय? त्याला धक्का बसला तो ओळखीच्या शास्त्रज्ञांकडून. त्यांतल्या पुष्कळांना काहीच दिसत नव्हतं आणि 'मनश्चक्षू' हा नुसता बोलण्याचा अलंकार आहे, अशी त्यांची समजूत होती. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन ह्या मेंदूतज्ज्ञानं ह्या न दिसण्याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. मला ते नसावं. सकाळचे पोहे मला स्वच्छ दिसतात, वरच्या खोबऱ्यासकट, कडेच्या लिंबाच्या फोडीसकट. बरणी तेवढी दिसत नाही. आत्म्याची ओढ कुठे आहे ते ह्यावरून ओळखावं.

खरं तर ह्या बाबतीत आमची आजी ह्या सगळ्या लेखकांच्या पुढे होती. तिची मानसपूजा एस.टी.च्या स्टँडवरसुद्धा चालायची. अभिषेक, गंध, एकवीस दूर्वा मोजून, नैवेद्य. गाडी आली तरी आरती झाल्याशिवाय उठायची नाही आणि जागा जायची. कीर्तनात एका कंजूष माणसाची गोष्ट ऐकली होती. हा मानसपूजा पत्करतो, कारण तिला खर्च नाही. एके दिवशी देवासाठी मनातल्या दुधात साखर घालताना त्याच्या हातून चमचाभर जास्त पडते. तो घाईघाईनं ती काढायला जातो, तर देव येऊन हात धरतो: अरे, साखर तरी कुठे खरी आहे? बुवा ह्यावर भक्तीचं निरूपण करायचे. मला आता त्या कंजुषाच्या एकाग्रतेचं आश्चर्य वाटतं. त्याला साखरेचा दाणा न् दाणा दिसत होता. मला बरणी दिसेना.

ज्यांना चित्रं दिसत नाहीत त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या रॉबर्ट ब्रूस यांची दोरीची युक्ती आहे. काहीही बघायचं नाही. छातीवर अधांतरी एक दोरी लोंबते आहे असं धरायचं आणि मनातल्या हातांनी ती पकडून, एकाआड एक हात टाकत वर चढायचं. फक्त स्पर्श आठवायचा. गरगरल्यासारखं झालं, अंग जड झालं, थरथरलं तरी घाबरायचं नाही आणि थांबायचंही नाही.

हे मला जमणार अशी खात्री होती, कारण दोरीशी माझी जुनी ओळख आहे. लहानपणी सुट्टीत कोकणात गेलो की विहिरीचं पाणी काढायचं काम आम्हा पोरांकडे असे. दुसऱ्या रात्री डोळे मिटले, हात वर केले (मनातले), आणि काय सांगू, सुंभाचा तो चरचरीत स्पर्श तळव्यांना जसाच्या तसा लागला. ओल्या काथ्याचा वास आला. हातावर हात पडू लागला. छातीत धडधडलं, पाय जड झाले. सगळं पुस्तकाबरहुकूम. वर रहाट कुरकुरला. मी खेचत राहिलो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी कुठेच चाललेलो नाही. खालून कळशी वर येत होती.

पन्नास वर्षांपूर्वी हातांना जे शिकवलं तेच ते करत होते. दोरी खेचली की आपण वर जातो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कळशी काठाशी आली, भरलेली, हिंदकळणारी, एका बाजूला पोचा असलेली. तो पोचा मी अर्धशतकात आठवला नव्हता. मग जी तहान लागली म्हणता!

मधल्या काळात मी दुसरी बाजूही वाचली. २००२ साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि सहकारी एका अपस्माराच्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूची तपासणी करत होते. उजव्या कानामागच्या एका भागाला विजेचा हलका प्रवाह दिला, की तिला आपण वर तरंगत असून खाली पलंगावर स्वतःला पाहतो आहोत असं वाटे. प्रवाह बंद, की ती जमिनीवर. बटण दाबून आत्मा वरखाली, म्हणजे जवळजवळ लिफ्टच. गंमत अशी की वरून तिला स्वतःचे फक्त पाय आणि कमरेखालचा भाग दिसत होता. सुसान ब्लॅकमोर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९७० साली ऑक्सफर्डमध्ये शिकताना असाच अनुभव आला होता; त्या गावाच्या छपरांवरून फिरून आल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर छपरं तशी नव्हती. मला ह्या बाईंविषयी फार आदर वाटतो. स्वर्गातून आल्यावर पन्हळी तपासायला जाणारं माणूस विरळा.

तपासायचंच तर चार्ल्स टार्ट यांची पद्धत बरी. कॅलिफोर्नियातल्या ह्या प्राध्यापकांनी एका तरुणीला प्रयोगशाळेत झोपवलं आणि झोपल्या जागेवरून दिसणार नाही अशा उंच फळीवर पाच आकडी संख्या लिहिलेला कागद ठेवला. चौथ्या रात्री तिनं संख्या अचूक सांगितली: २५१३२. निबंध १९६८ मध्ये छापून आला. पण भिंतीवरच्या घड्याळात त्या कागदाचं प्रतिबिंब तिला दिसलं असण्याची शक्यता टार्ट यांनीच मांडून ठेवली आहे.

आमच्या कपाटासमोर घड्याळ नाही. वरच्या मजल्यावरच्या शाळकरी पोराला बोलावलं, मला न दाखवता चिठ्ठीवर पाच आकडे लिहायला लावले आणि स्टुलावर चढवून चिठ्ठी कपाटावर ठेवून घेतली. "काका, हे कशाला?" म्हणाला. "आठवण राहावी म्हणून," म्हटलं. त्याला ते पटलं.

रात्री दहाला बायको आडवी झाली. डोळे मिटले आणि नेहमीसारखी सुरू झाली. गॅस बंद. दुधावर जाळी. विरजण लावलं. दाराला कडी. मग क्षणभर थांबून, "गॅलरीतला नळ ठिबकतोय." मी बघून आलो. ठिबकत होता. हे आमच्याकडे रोज चालतं, अगदी ह्याच क्रमानं, आणि त्यात दखल घेण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

तीनला जाग आली. मी छताकडे लक्ष लावलं. हळूहळू अंग हलकं झालं, आणि खरंच, डोळ्यांपुढे पाच आकडे उभे राहिले. जीव हरखला. जरा वेळानं कळलं की ते आमच्या बंद पडलेल्या लँडलाइनचे पहिले पाच आकडे आहेत. तरी खात्री करावी म्हणून टॉर्च घेतला, स्टूल सरकवलं आणि चढलो. कपाटावर चिठ्ठी नव्हती. धूळही नव्हती.

"गॅसच्या पुस्तकात ठेवलीय," अंधारातून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. "कुठला नंबर तो? पाचच आकडे आहेत."

"काही नाही. असाच."

"उठलाच आहात तर बरणीचा दादरा बघा. सुटल्यासारखा वाटतोय."

स्वयंपाकघरात गेलो. बरणी वर तपकिरी, खाली पांढरी. दादऱ्याचं एक टोक सुटून लोंबत होतं. घट्ट बांधलं. पाणी प्यायलो, येऊन पडलो.

"फुलपात्र घातलंत का तांब्यावर?"

मी परत गेलो. घातलं नव्हतं.