संकरित देवदास

जबलपूरच्या अधारतालात राहून ‘युनिव्हर्सिटीत शिकते’ म्हटलं, की समोरचा हरभऱ्यावरच्या अळीबद्दल विचारतो. त्याचं चुकत नाही. इथे युनिव्हर्सिटी म्हणजे १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. ऑटोवाल्याला नुसतं ‘विश्वविद्यालय’ सांगा, तो डोळे मिटून त्याच फाटकाशी उतरवेल. माझं एम.ए. मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पेपर ‘साहित्य आणि चित्रपट’. नात्यात बातमी गेली ती ‘पोरगी पिक्चर बघण्याची डिग्री करतेय’ अशी. नागपूरच्या मावशीने तर तिकिटाचे पैसे फीमध्येच धरतात का, असं विचारून घेतलं.

बाबा सोयाबीनचे पैदासकार, आता निवृत्त. विदर्भ-मराठवाड्याची शेतं ज्या जेएस ३३५ने भरली, तो वाण याच कृषी विश्वविद्यालयाचा. बाबांचा त्यात हात नव्हता, पण बोलताना ते तसं जाणवू देत नाहीत.

एका रविवारी मी अभ्यासाला म्हणून ‘सिंहासन’ लावला. १९७९चा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, एवढं मी सांगितलं मात्र, बाबा ताठ बसले.

“दोन कादंबऱ्या? म्हणजे संकरच की! यातली मादी कोणती?”

आमच्या संदर्भग्रंथांत माध्यमांतरावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. हा प्रश्न कुठेही नाही. मी अंदाजाने ‘मुंबई दिनांक’ म्हटलं. बाबांनी वहीत टिपून घेतलं.

तेव्हापासून घरात सिनेमा बघणं म्हणजे प्लॉटची पाहणी. शरदबाबूंची ‘देवदास’ १९१७ची. बरुआंचा १९३५चा चित्रपट पाहून बाबा म्हणाले, वाण शुद्ध आहे. बिमल रॉयचा १९५५चा पाहताना डोळे पुसले आणि ‘दाणा भरलाय’ एवढाच शेरा दिला. भन्साळींच्या २००२च्या ‘देवदास’मध्ये पारो आणि चंद्रमुखी जोडीने नाचायला लागल्या, तशी त्यांनी मला पुस्तक उघडायला लावलं. पुस्तकात हा नाच नाही.

“बाहेरचा पराग,” बाबा म्हणाले. “शेजारच्या शेतातून आलाय. अंतर राखलं नाही की हेच होतं.”

मुक्तिबोधांवरचा मणी कौलचा ‘सतह से उठता आदमी’ मात्र त्यांच्या वर्गीकरणात बसेना. मराठी घरातला माणूस, लिहिलं हिंदीत, काही काळ जबलपुरातही राहिलेला, आणि सिनेमात गोष्ट सापडत नाही. पाऊण तासाने बाबांनी ‘उगवण उशिराची’ असा शेरा मारला आणि झोपले.

आई इतके दिवस नुसती शेंगा सोलत ऐकत होती. परवा म्हणाली, “सगळं खरं, पण एकरी उतारा किती पडतो ते विचारा हिला. नोकरी लागेल का?”

माझ्याआधी बाबाच बोलले. “१९१७पासून पीक घेतायत अजून. जेएस ३३५वर तर पिवळा मोझॅक येतो.”