काही प्रश्न?

शुद्ध गणिताच्या विभागात सेमिनार चारला असतो आणि चहा साडेतीनला. चहाला किती आणि सेमिनारला किती, हे मोजण्याचा आगाऊपणा सहसा कुणी करत नाही.

पाहुणा एका सोप्या उदाहरणाने सुरुवात करतो. ते सगळ्यांना कळतं. मग तो म्हणतो, "हे तर उघडच आहे," आणि तिथेच अर्धी खोली गळते. माना मात्र डोलत राहतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. इथे पूर्वरंगच पन्नास मिनिटं चालतो. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर. एक हात व्याख्या लिहितो, दुसरा आधीची पुसतो, आणि जी पाहायची असते ती नेमकी वर सरकवलेल्या फळ्यावर गेलेली असते. आख्यानाला हात घालणार, तोच अध्यक्ष घड्याळ दाखवतात. "सिद्धता पेपरात आहे," एवढं सांगून पाहुणा बाहीवरचा खडू झटकतो.

"काही प्रश्न?" शांतता.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठले. २ चा ६७वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे असं मर्सेननं १६४४ मध्ये म्हटलं होतं. ती तशी नाही हे ल्युकासनं १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव कुणालाच सापडले नव्हते. सांगतात की कोल अवाक्षरही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी ती एकवीस अंकी संख्या काढली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार हातानं केला. दोन्ही उत्तरं जुळली, ते जाऊन बसले. टाळ्या झाल्या, प्रश्न एकही आला नाही.

तिथेही शांतता, इथेही शांतता. तिथे सगळ्यांना सगळं कळलं होतं, एवढाच काय तो फरक!

हा फरक मॉस्कोच्या इझ्राइल गेलफंड यांनी पक्का ओळखला होता. त्यांचा सेमिनार १९४३ पासून दर सोमवारी भरायचा. वक्त्याला मध्येच थांबवणं हा तिथला नित्याचा भाग. शिवाय श्रोत्यांतल्या एकाला, बहुधा एखाद्या विद्यार्थ्याला, ते 'नियंत्रक श्रोता' नेमत. आत्ता काय सांगितलं, ते त्यानं उठून सांगायचं. त्याला जमलं नाही की वक्त्याची सुटका नाही. क्रूर पद्धत खरी, पण मान डोलावून निभावून नेण्याची सोय तिच्यात नव्हती.

प्रत्येक विभागात असा एक श्रोता हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे ही जागा निघालीच, तर माझा अर्ज येणार नाही.