कालचे काका

ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला सुटणाऱ्या बोटीत एक काका असतातच. कापडी टोपी, चौदा खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण आणि दुर्बिणीच्या पट्ट्यावर मागच्या कुठल्या तरी हंगामातला वाळलेला चिखल. तो ते कधी पुसत नाहीत. तुम्ही लाइफ जॅकेटचे बंद शोधत असता, तेवढ्यात ते शेजारी टेकतात आणि हळहळतात, ‘‘काल यायला हवं होतंत.’’

त्यांना पुराव्यानिशी बोलायची सवय. खिशातून कालनिर्णयचं घडी घातलेलं पान निघतं. ‘‘काल एकादशी. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे कोवळं ऊन. आज द्वादशी, नऊची भरती. उजेड कडक झाला, आता काय दिसणार कपाळ!’’ तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढायचा हा हिशोब किनाऱ्यावर जुना आहे आणि ढोबळमानाने बरोबरही येतो. खरी पंचाईत तीच. थापाड्या माणसाला हसून सोडून देता येतं; काका सांगतात ते सगळं बरोबर असतं. ज्याची चोच गडद लाल तो लहान रोहित. गुलाबी चोचीला काळं टोक तो मोठा. राखाडी दिसतात ती पिल्लं. रंग त्यांच्या खाण्यातून येतो. एवढं ऐकून पुढच्या बाकावरची चिमुरडी ओरडते, ‘‘आई, गुलाबी!’’ काका मान हलवतात. ‘‘फिका आहे, बाळ. काल असायला हवी होतीस.’’

डिसेंबरात भेटले तर म्हणतील, कच्छहून अजून नीट आलेच नाहीत. फेब्रुवारीत भेटले तर, जानेवारीत काय होते! मे महिन्यात ते कुणाशी बोलतच नाहीत. 2015 साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला, याचा त्यांना अभिमान आहे. पण त्याआधी शिवडीच्या धक्क्यावर उभं राहून बघण्यात जी मजा होती, ती या तिकीटवाल्या बोटीत नाही. तिकीट मात्र ते सगळ्यांत आधी काढतात.

बोट तिवरांच्या कडेने वळते. भरतीने चिखल गिळत आणलेला असतो आणि उरलेल्या पट्टीवर हजारो रोहित खेटून उभे. माना खाली, चोची उलट्या, सगळ्यांची मिळून एक अखंड कुजबुज. काका दुर्बीण उचलायची विसरतात. तोंड किंचित उघडं. वरच्या घारीने एक गिरकी घेतली की अर्धा थवा उठतो, पंखाखालचा लाल रंग एकदम उघडा पडतो आणि सगळी बोट ‘‘आऽऽ’’ करते. काकाही करतात. मग भानावर येऊन म्हणतात, ‘‘बरे आहेत.’’

एका द्वादशीला मात्र सुकाणूवरच्या नाखवांनी तोंड उघडलं. एरवी ते बोलत नाहीत.

‘‘काका, माझे बापाचे टायमाला यो येकपन पक्षी नव्हता इथं.’’

बोटीत शांतता. गोष्ट खरीच होती. या खाडीत त्यांचे मोठे थवे दिसू लागले ते 1990 च्या दशकात. शहराचं सांडपाणी खाडीत उतरलं, चिखलात शेवाळ माजलं आणि शेवाळाला हे पाहुणे लागले, असं जाणकार सांगतात. म्हणजे इथे जितकं मागे जावं तितके पक्षी कमी. आयुष्यभर ज्या दिशेला बोट दाखवलं, त्या दिशेला नुसतं पाणी! काकांनी दुर्बिणीची टोपणं लावली, काढली, पुन्हा लावली.

‘‘मग होतं तरी काय?’’

‘‘मासली. निवट्या, कोळंबी, ह्या येवड्या चिंबोऱ्या.’’ नाखवांनी सुकाणू सोडून दोन्ही पंजे पसरून दाखवले.

काकांचा चेहरा हळूहळू उजळला. ते माझ्याकडे वळले.

‘‘तेव्हा यायला हवं होतंत.’’