नव्या मॉडरेटरसाठी चॅनेल आवरण्याची सोपी पद्धत

अभिनंदन! मध्यरात्री कस्टम रूमचा पासवर्ड विचारणाऱ्याला तुम्ही शिवी न देता उत्तर दिलंत, म्हणून तुम्हाला मॉडरेटर केलं आहे. पहिलं काम: बीजीएमआयच्या आपल्या डिस्कॉर्ड सर्व्हरवरची चॅनेलं कमी करा. डिस्कॉर्ड एका सर्व्हरवर ५०० चॅनेलं काढू देतं. आपण अजून तिथवर गेलेलो नाही, ते केवळ आधीचा अ‍ॅडमिन बारावीला बसला म्हणून.

आधी यादी वरून खाली वाचा. काही हलवू नका, नुसती वाचा. सगळ्यात वर ‘पबजी-गप्पा’. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली, त्या रात्रीचं रडणं तिथे अजून आहे. खाली ‘कोरियन-व्हर्जन-चालतं-का’. मग ‘बीजीएमआय-कधी’, गेम जुलै २०२१ मध्ये आला, तरी हे उघडंच. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून उडाला, तेव्हा ‘अनबॅन-कधी’ निघालं. मे २०२३ मध्ये गेम परतला आणि पोरांनी आनंदाच्या भरात ‘अनबॅन-झालं’ काढलं. आधीचं बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चॅनेल काढायला पाच सेकंद लागतात. बंद करायला वाईटपणा घ्यावा लागतो.

डिलीटचं बटण दाबू नका. गेलेलं चॅनेल परत येत नाही, आणि कुणाच्या तरी पहिल्या चिकन डिनरचा स्क्रीनशॉट नेमका तिथेच असतो. (त्याच्या फोनमध्ये नसतो. कधीच नसतो.) दोन चॅनेलं एकमेकांत मिसळायची सोयही डिस्कॉर्डमध्ये नाही. तेव्हा ‘अडगळ’ नावाची कॅटेगरी करा, तिथे मेसेज टाकायची परवानगी सगळ्यांची काढा, जुनी चॅनेलं तिकडे सरकवा आणि परवानग्या सिंक करा. सिंक विसरलात तर लोक अडगळीतही ‘कोणी आहे का’ विचारत बसतील.

मतदान घेऊ नका. दोन वर्षं मुडद्यासारखं पडलेलं चॅनेल बंद होणार म्हटलं की तासाभरात तिथे जत्रा भरते, आणि कधीही न बोललेला सदस्य ‘माझ्या भावना’ या विषयावर लिहू लागतो. फारच लिहू लागला तर स्लो मोड आहे. तो सहा तासांपर्यंत ताणता येतो.

स्पर्धेपुरत्या गप्पांना चॅनेल नको, थ्रेड द्या. बोलणं थांबलं की तो आपोआप मिटतो, जे माणसांना जमत नाही.

आता खरं दुखणं. ‘स्क्वॉड-हवा’, ‘स्क्वॉड-पायजे’, ‘तीन-प्लेअर-कमी’ आणि ‘रँक-पुश-सिरियस-लोकच’. चारही चॅनेलांत रोज रात्री एकेक जण तिघांची वाट पाहत बसलेला असतो. स्क्वॉड चौघांचा असतो, हे गणित सर्व्हरवर कुणी मांडलेलं नाही. तीन अडगळीत टाका, एक ठेवा. नावावरून भांडण होईल. ‘पायजे’वाले हटणार नाहीत, त्यांचंच ठेवा.

त्याच रात्री ते चौघे एकत्र खेळतील. सिरियस माणूस कडेला उतरू म्हणेल, बाकीचे पोचिंकीत उडी मारतील आणि दीड मिनिटात चौघे लॉबीत परत येतील. सकाळी तुमच्या इनबॉक्समध्ये चार अर्ज असतील: बाकीचे तिघे नसतील असं चॅनेल हवंय.