थापट्या, वारकरी आणि भिंगवाले

नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात दोन प्रकारचे पाहुणे उतरतात. एक हिमालयापलीकडून येतात, दुसरे कसारा घाट चढून. पहिल्यांना पिसे असतात, दुसऱ्यांना सोळा खिशांचे जाकीट. प्रस्तुत लेखक दुसऱ्या जातीचा.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी पाटपाण्यासाठी बंधारा घातला गेला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे आणि पाणवनस्पती वाढल्या; पाटबंधाऱ्यांचे नुकसान पक्ष्यांच्या पथ्यावर पडले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

थापट्या, चक्रवाक, चमचा, शेकाट्या आणि नशीब असेल तर रोहित इथे दिसतात. निरीक्षण मनोऱ्यावरची प्रतवारी मात्र कॅमेऱ्याच्या भिंगाच्या लांबीवर ठरते. प्रस्तुत लेखक आपले भिंग झाडपाल्याच्या छापाच्या कापडात गुंडाळून आणतो. पक्षी त्याने फसत नाहीत. शेजारचे मात्र अदबीने सरकून जागा देतात आणि कापडाची किंमत वसूल होते.

या भिंगांसमोर सर्वांत दुर्लक्षित पक्षी म्हणजे वारकरी. काळाकुट्ट, चोच आणि कपाळ पांढरे. बदकांत वावरतो, पण कुळाने पाणकोंबड्यांचा. बोटांना पडदा नसून झालरीसारख्या पाळ्या असतात. उडायचे म्हटले की आधी पाण्यावरून लांबवर धावतो. माथ्यावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की पांगलेले वारकरी झटकन गोळा होऊन एकच काळा पुंजका करतात. असे नाट्य समोर चालू असताना मनोऱ्यावरून प्रश्न येतो, “आज स्पेशल काही नाही का?” हा प्रश्न ऐकून प्रस्तुत लेखकाचे पित्त खवळते. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला उपाहारगृहातल्या फलकासारखे वाचणे हा शुद्ध उद्धटपणा आहे.

असाच दुर्लक्षित दुसरा जीव म्हणजे गावातला वाटाड्या. भिंगवाला बटणे चाचपत असतो तोवर याने नुसत्या डोळ्यांनी पाणकणसातला पक्षी हेरलेला असतो. हलक्या आवाजात तो म्हणतो, “साहेब, तिकडं नाय, डावीकडं.” छायाचित्राखाली नाव मात्र साहेबांचे पडते. प्रस्तुत लेखकाच्या बैठकीतल्या चौकटीतही तसेच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला हंगाम. निफाडचा पारा तेव्हा राज्यात तळ गाठतो, म्हणून स्वेटर आणावा. भडक कपडे आणि गाणी वाजवणारे डबे घरी ठेवावेत. वाटाड्याला पैसे देताना घासाघीस करू नये आणि छायाचित्राखाली त्याचेही नाव घालावे.