स्वराज्यासाठी वन्समोर

ज्या प्रयोगात कलावंत मानधन सोडतो, प्रेक्षक नेहमीपेक्षा अधिक पैसे मोजतो आणि उत्पन्न एखाद्या सत्कार्याला दिले जाते, त्याला मदतीचा प्रयोग म्हणतात; तथापि अशा प्रयोगांविषयी मागाहून जे लिहिले-बोलले जाते ते तपासले असता, यातील सत्कार्य हाच घटक सर्वांत आधी विस्मरणात जातो, असे मानण्यास भरपूर जागा आहे. या विधानाच्या पुष्टीसाठी मराठी रंगभूमीवरचे सर्वांत थोर उदाहरणच घ्यावे, म्हणजे किरकोळ उदाहरणांना आपोआप माफी मिळते.

मुंबईत ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या, म्हणजे लोकमान्यांच्या स्मरणार्थ असहकाराच्या चळवळीकरिता उभारलेल्या निधीच्या मदतीसाठी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी संस्थांनी खाडिलकरांचे ‘मानापमान’ एकत्र सादर केले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. काँग्रेसने बेझवाड्याच्या बैठकीत एक कोटी रुपये जमवण्यासाठी ३० जूनची मुदत घातली होती आणि त्या मुदतीत कोटीचा आकडा गाठलाही गेला होता. संयुक्त प्रयोग त्यानंतर आठ दिवसांनी झाला, यावरून कोटी रुपये जमण्यापेक्षा दोन संगीत मंडळ्यांचे जमणे अधिक कठीण असते, असा निष्कर्ष काढल्यास तो अगदीच अशास्त्रीय ठरू नये. त्यांतील गंधर्व मंडळी पुढे स्वतःच्या कर्जासाठीही तितकीच गाजली, ही बाब तिच्या औदार्याचे मोल वाढवणारीच आहे.

नाटकाची निवडही अभ्यसनीय म्हणावी लागेल, कारण त्यात धनिकाची कन्या गरीब सेनानीला तुच्छ लेखते आणि लक्ष्मीधर नावाच्या श्रीमंत भित्र्याची यथेच्छ फजिती होते. पुढच्या रांगांतील दात्यांनी त्या फजितीला मोकळेपणाने हसून दाद दिली असणार, कारण रंगमंचावरचा लक्ष्मीधर प्रत्येक धनिकाला शेजारच्या खुर्चीतल्यासारखा दिसतो.

यापुढचा इतिहास मात्र वन्समोरचा, म्हणजे संपलेले पद प्रेक्षकांच्या आग्रहाखातर पुन्हा गाण्याच्या प्रथेचा आहे. त्या रात्री सरस कोण ठरले, या प्रश्नावर गंधर्वपक्ष आणि भोसलेपक्ष असे दोन संप्रदाय पडले, आणि शंभर वर्षांनंतरही त्यांचे अनुयायी, ज्यांपैकी कोणीही तो प्रयोग पाहिलेला नाही, कोणाची तान कुठे पोहोचली हे छातीठोकपणे सांगतात. फंडाला त्या कथनात एखादे गौण वाक्य मिळते, तेही तारखेच्या सोबतीने. केशवरावांचे ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, म्हणजे प्रयोगानंतर तीन महिने पुरे होण्याआधीच, निधन झाल्याने धैर्यधराची बाजू मांडायला धैर्यधर उरला नाही, परंतु त्यामुळे कोणत्याही पक्षाची खात्री कमी झालेली नाही.

आजच्या मदत-मैफलींनी ही परंपरा निष्ठेने चालवली आहे. त्यांचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे सभागृहाचे भाडे, ध्वनियोजना, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास आणि शाल-श्रीफळ वजा जाता जे उरते ते, दाराएवढ्या पुठ्ठ्याच्या धनादेशावर लिहून छायाचित्रासाठी धरले जाते, आणि धनादेशाची लांबी-रुंदी वरील आकड्याच्या व्यस्त प्रमाणात असावी असा संशय येतो. नंतर निघणाऱ्या अहवालात गायकाचा राग, पट्टी, साथीदार आणि भैरवीला मिळालेला प्रतिसाद यांची नोंद तपशीलवार असते. जमलेल्या रकमेपुढे मात्र ‘भरघोस’ एवढेच छापलेले असते.