पीयूसीचा लातूर पॅटर्न

लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना बारावी आणि नीट आठवते. शंभर टक्के निकाल मात्र गाड्यांचा धूर तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रस्त्याकडेच्या पीयूसी व्हॅनमध्येच लागतो. लातूरची एमएच २४ असो की नांदेडची एमएच २६, नापास झालेली गाडी दाखवा आणि बक्षीस घेऊन जा.

नियमानं नळी सायलेन्सरात घालायची, इंजिन चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचे. डिझेल असेल तर रेस देऊन धुराचा काळेपणा बघायचा. व्हॅनमधला गडी म्हणतो, "मालक, गाडी बंदच राहू द्या, उगं पेट्रोल कशाला जाळता?" पर्यावरणाची एवढी कळकळ मंत्रालयातही सापडायची नाही. नंबर प्लेटचा फोटो, पन्नासची नोट, कागद हातात. नळी खुंटीला टांगलेली, काजळीचा एक डाग नाही. बरं, त्याचंही चुकत नाही. नापास केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या व्हॅनकडे वळतं.

२०१५ साली फोक्सवॅगन पकडली गेली. चाचणीपुरता धूर आवरणारं सॉफ्टवेअर त्यांनी जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत घातलं होतं. जर्मन माणूस हुशार, पण व्यवहार कळेना. इंजिनिअर राबवण्यापेक्षा नांदेड-लातूर रस्त्यावर कुणाला धाडलं असतं, तर पन्नास रुपयांत भागलं असतं.

सुधारणा झाल्याच नाहीत असं कोण म्हणतं? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दंड दहा हजारांपर्यंत नेला. २०२१ मध्ये देशभर पीयूसीचा एकच नमुना आला, वर क्यूआर कोड. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले, पीयूसी नाही तर इंधन नाही. दरवेळी कागदाचं वजन वाढलं, व्हॅनसमोरची रांगही वाढली. नळी खुंटीवरच.

कारखान्याचा सीझन लागला की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला धापा टाकतो आणि मागचा मोटारसायकलवाला धुरात दिसेनासा होतो. पुढच्या चौकात शिट्टी वाजते ती त्याच्यासाठी. खोकत खोकत तो खिशातली पीयूसी काढून दाखवतो. ट्रॅक्टर तोवर कारखान्याच्या गेटात.

तेव्हा सरकारला विनंती एवढीच : पुढच्या सुधारणेत फोटो नुसत्या नंबर प्लेटचा नको, सायलेन्सरात घातलेल्या नळीसकट मागा. आणि रस्त्यात गाडी अडवली तर कागद नंतर बघा, आधी धूर बघा.